हिरव्या उलटीची दखल वेळीच हवी

भंडारा - सात-आठ महिन्यांचे गुटगुटीत बाळ एकाएकी कळवळून रडते, पाय पोटाशी घेते, थोड्या वेळाने शांत होते आणि पुन्हा रडू लागते. घरच्यांना दात येत असल्याची वा दृष्ट लागल्याची शंका येते. शौचावाटे रक्तमिश्रित आव पडू लागली, की हगवणीचे औषध सुरू होते. प्रत्यक्षात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून मार्ग बंद झालेला असतो. वैद्यकशास्त्रात यास 'इंटससेप्शन' म्हणतात.

अनुभवी डॉक्टरांना सोनोग्राफीत हा विकार सहसा ओळखता येतो. रुग्ण लवकर पोहोचल्यास, शल्यचिकित्सक सज्ज ठेवून, गुदद्वारावाटे हवा वा सलाइनचा दाब देऊन अनेकदा शस्त्रक्रियेविना आतडे सोडविता येते. विलंब झाल्यास मात्र रक्तपुरवठा तुटून आतडे सडते व तो भाग कापावा लागतो. प्रगत देशांत या विकाराने मृत्यू विरळाच होतो. गरीब देशांत बालके दगावतात ती प्रामुख्याने उशिरामुळे.

आतडे बंद होण्यास जंतांचा गोळा, अडकलेला हर्निया आणि नवजात बालकांतील जन्मजात दोष हीदेखील कारणे आहेत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्या व शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. त्यामुळे जंतांच्या कारणाला आळा बसू शकतो. इतर कारणांवर अशी गोळी नाही.

लाखांदूर, साकोली वा तुमसर तालुक्यातील खेड्यातून बाळ आधी स्थानिक दवाखान्यात, मग भंडाऱ्याला आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरला नेले जाते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर मोलाचे तास खर्ची पडतात. पुढे पाठविण्यापूर्वी शिरेतून सलाइन लावणे, नाकातून नळी घालून पोट रिकामे करणे आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनीने कळविणे, एवढे झाले तरी बाळाचा धोका बराच कमी होतो.

२०२४ मध्ये भंडाऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याने नागपूरचे अंतर कमी व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तथापि, हिरवी उलटी, फुगलेले पोट आणि शौचातील रक्त ही लक्षणे आशा कार्यकर्तीने व मातेने ओळखली नाहीत, तर सुसज्ज शस्त्रक्रियागृहातही बाळ उशिराच पोहोचेल.