हत्तीला दोन रुपये, गायीला चार आणे!

इंग्रजी राजवटीने १८७१ साली केलेला गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आज वाचताना हसू येते. कोंडवाड्यातले जनावर सोडवायचे तर हत्तीला दोन रुपये, उंट-म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा! (हत्तीला कोंडवाड्यापर्यंत हाकत नेणारा शिपाई कोण, हा प्रश्न वेगळा.) हा कायदा केवळ शेतापुरता नव्हता. सार्वजनिक रस्त्याची नासधूस करणारी गुरेही पोलिसांना पकडता येत. डुकरांनी रस्ता उकरला तर मालकाला दहा रुपयांपर्यंत दंड होई. सात दिवसांत मालक आला नाही तर दवंडी, पुढे लिलाव. परंतु कोंडलेल्या मुक्या जनावराला चारा-पाणी देण्याचे बंधनही याच कायद्याने कोंडवाड्याच्या राखणदारावर घातले होते.

महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवारा द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. तो योग्यच आहे. पण गोमातेचा जयजयकार करायचा आणि दूध आटताच तिला भरधाव ट्रकांपुढे सोडून द्यायचे, या मालकाला जाब कोण विचारणार? ग्रामपंचायतींनी ओस पडलेले कोंडवाडे चारा-पाण्यासह पुन्हा उघडावेत आणि त्याचा खर्च मालकाला शोधून त्याच्याकडूनच वसूल करावा.