विष आणि धोका

रुआबांधा येथील वसाहतीतून पोलाद कारखान्यात जाणाऱ्या मनुष्यास सुरक्षेचे नियम पाठ असतात. परंतु त्याच घरातील मोरीच्या फळीवर ब्लीचिंग पावडर, फरशी धुण्याचे अॅसिड, फिनेल नि ढेकणाचे औषध शेजारी शेजारी नांदत असते, आणि त्याची कोणास भीती वाटत नाही. वाचकहो, ही निर्भयता तपासून पाहण्याजोगी आहे.

एखादे द्रव्य विषारी आहे काय, एवढेच विचारून भागत नाही. द्रव्याचा अंगचा गुण निराळा आणि त्यापासून आपणांस पोहोचणारा धोका निराळा. किती प्रमाणात, किती वेळ, श्वासावाटे की कातडीतून, आणि कशाच्या संगतीत, हे कळल्यावाचून धोक्याचा अंदाज होत नाही. बाटलीत बंद असलेले अॅसिड स्वस्थ असते. तेच ब्लीचिंग पावडरीवर ओतले की क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट न्हाणीघरात फुप्फुसांना इजा करतो. दोन औषधांनी दुप्पट स्वच्छता होते, हा समज केवळ गृहिणींचाच नव्हे. पुरुषांचाही आहे, फक्त ते मोरी क्वचित धुतात!

१२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात पंपगृहात बिघाड होऊन झोतभट्टीचा वायू पसरला आणि सहा जण दगावले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. या वायूतील घातक अंश म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. जाणत्यांनाही नाकावर विसंबता येत नाही, ते यामुळेच. आता पाहा, हिवाळ्यात दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन निजणाऱ्या घरात हाच वायू साठतो. कारखान्यात तो मोजणारी उपकरणे तरी असतात. डोके जड झाले, मळमळू लागले, तर थंडी बाधली असे न समजता प्रथम दार उघडून मोकळ्या हवेत यावे.

शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यांतील काही औषधे पूर्वीपासून वापरातली होती. मात्र त्या साली कपाशी पुरुषभर वाढलेली, हवा दमट, निरनिराळी औषधे एकत्र कालवलेली आणि अंगावर साधा सदरा. त्यामुळे फवारा पिकाइतकाच माणसावरही पडला.

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा. हिरवा कमी विषारी, निर्विष नव्हे. असे औषध शरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. बाधा झालीच, तर डॉक्टरांकडे जाताना मूळ डबा बरोबर न्यावा. विषाचे नाव कळले म्हणजे उपचाराची दिशा लवकर ठरते.