पनीर टिक्का सोडून बोला!

सबमिशन संपलं की आमच्या होस्टेलवर एकच प्रश्न असतो, 'कुठे जायचं खायला?' उत्तरंही ठरलेली. पैसे असतील तर लोणावळा, थोडे असतील तर कुलाबा आणि महिनाअखेर असेल तर स्टेशनबाहेरचा वडापाव. गेल्या दोन वर्षांत मी या सगळ्या वाऱ्या केल्या आहेत. माझं मत विचाराल (न विचारताच मॅगझिनमध्ये जागा मिळाली आहे!) तर टुरिस्टांच्या गर्दीतल्या हॉटेलांत आपण जेवायला जात नाही, फोटो काढायला जातो.

कुलाब्याला लिओपोल्ड कॅफे १८७१ पासून आहे, बडे मियाँ १९४६ पासून. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी बोलतेय ते अशा प्रसिद्ध नावांच्या आजूबाजूला उगवलेल्या हॉटेलांबद्दल. एका ठिकाणी (नाव नको) आम्ही सात जणींनी तीन वेगवेगळ्या भाज्या मागवल्या. तिन्हींची ग्रेव्ही एकच! फक्त वरचं क्रीम वेगवेगळ्या आकारात. बिल मात्र तीन भाज्यांचं. कंट्रोल सिस्टीम्सच्या भाषेत सांगायचं तर ही ओपन लूप सिस्टीम. आजचं गिऱ्हाईक उद्या येणारच नसतं, मग फीडबॅक कुठून येणार?

आता क्लोज्ड लूप बघायचा असेल तर रविवारी सकाळी उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये या. आपल्याकडे उल्हासनगर म्हटलं की 'मेड इन यूएसए'चा तो शिळा विनोद, नाहीतर जीन्स. खरं तर कॅम्प ५ मध्येही बाहेरची माणसं भरपूर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये चालिहाच्या चाळीस दिवसांत झुलेलालच्या दर्शनाला, जवळच अंबरनाथच्या शिवमंदिराला. ते मंदिर १०६० सालचं, महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण सकाळच्या दाल पकवानच्या गाडीसमोर उभी असतात ती त्याच गल्लीतली माणसं. काका बनियनवर, हातात स्टीलचा डबा. डाळ जरा जरी पातळ झाली तरी सगळ्यांसमोर मालकाला ऐकून घ्यावं लागतं. तोच काका पुढच्या रविवारी पुन्हा येणार असतो, त्यामुळे मालक ऐकतोही.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी : पकवान म्हणजे मैद्याची, जिरं घातलेली, मंद आचेवर तळलेली कडक मोठी पुरी. वाडग्यात घट्ट चणाडाळ, वर चिंचेची आणि हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडायचं आणि त्याच तुकड्याने डाळ उचलायची. चमचा मागितलात तर बाहेरचे म्हणून ओळखले जाल. अर्धी डाळ संपेपर्यंत पकवान कुरकुरीत राहिलं पाहिजे. हे सोपं नाही. आपल्या मेसच्या पुऱ्या ताटात पडण्याआधीच मऊ पडतात, हे सर्वांना माहीत आहेच.

पण दाल पकवान ही नुसती दाखवायची वस्तू झाली. खरी गंमत घरात आहे. माझी रूममेट सिंधी. तिच्या घरी पहिल्यांदा कढी वाढली तेव्हा मी ताटात दही शोधत बसले. सिंधी कढीत दही नसतंच! बेसन तेलात खमंग भाजायचं, त्यात पाणी, आंबटपणाला चिंच किंवा आमसूल, आणि भेंडी, शेवगा, बटाटा. सोबत पांढरा भात आणि आलू टुक, म्हणजे एकदा तळून, दाबून, पुन्हा तळलेले बटाटे. मग साई भाजी, कांदा घातलेली जाड कोकी, हिरव्या मसाल्यात शिजवलेला पाव म्हणजे सेयल डबल. शिळ्या पावाचं इतकं चांगलं काही होऊ शकतं हे मला तिथे कळलं.

आणि इथेच माझा मुद्दा येतो. याच कॅम्प ५ मधल्या एसी हॉटेलात बसा आणि मेनूकार्ड उघडा. पंजाबी, चायनीज, पिझ्झा, सिझलर. सेयल डबल? नाही. साई भाजी? नाही. मी रूममेटला विचारलं तर म्हणाली, "घरी रोज मिळतं ते पैसे देऊन कोण खाईल?" वरवर पटतं. पण मग आपलं पिठलं-भाकरी घरचंच होतं ना? १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली. योजना पुढे बंद पडली, पण झुणका-भाकर रस्त्यावर विकायची वस्तू आहे हे सगळ्यांना मान्य झालं. त्यामागे एक राज्य होतं. सिंधी माणसाला राज्यच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकीत फाळणीनंतर निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, बराकींतून पापड लाटून संसार उभे राहिले. १९६७ मध्ये सिंधी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. जेवणाला अशी काही अनुसूची नसते. गुजराती थाळी, राजस्थानी थाळी मॉलमध्येसुद्धा मिळते. सिंधी थाळी कुठे दिसली का?

रूममेटची दादी सिंधी बोलते, आई सिंधी-हिंदी, आणि रूममेट? आम्ही दोघीही कॉन्व्हेंटच्या, त्यामुळे तिचं सिंधी आणि माझं मराठी यांचा निकाल सारखाच. (हा लेख तीन वेळा तपासून घेतला आहे, सर!) तिला कोकी येत नाही. दादी कसलंही माप सांगत नाही, "हाताला कळतं" म्हणते. मग हॉटेलात नाही आणि पुढच्या घरातही नाही, तर कोकी राहणार कुठे?

हॉटेलवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण कॅम्प ५ मध्ये जाऊनही व्हेज मंचुरियन मागतो, तो तेच करणार. आपण आठ जण टेबलावर बसून 'कढी-चावल आहे का?' असं चार रविवार विचारू लागलो तर पाचव्या रविवारी तो निदान आचाऱ्याला विचारेल. फीडबॅक म्हणजे दुसरं काय!

आणि सुरुवात करायला कॅम्पलाही जायला नको. रेक्टर सर आणि मेस कमिटी, ही विनंती तुम्हाला आहे. महिन्यातला एक रविवार दाल पकवान ठेवा. चणाडाळ आपल्या कोठीत असतेच, पकवान आदल्या दिवशी तळून डब्यात ठेवता येतं. मेसच्या काकांशी मी बोलले आहे. त्यांची एकच अट : "एवढ्या पुऱ्या लाटायला माणसं द्या." गर्ल्स होस्टेलमधून अकरा नावं आली आहेत. बॉईज होस्टेलमधून अजून शून्य.