फाटकाच्या आतला अपघात

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यांवरील चर्चा बव्हंशी वेतनाची व्याख्या आणि कामगारकपातीच्या मर्यादा यांभोवतीच फिरत राहिली. कंत्राटी कामगार जायबंदी झाला तर त्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोण घेणार, हा प्रश्न मागे पडला.

मी ओडिशातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी असताना, तक्रार-निवारणाच्या दिवशी एक तरुण माझ्यासमोर आला. परराज्यातील एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती करताना त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली होती. कारखान्याचा दवाखाना आवारातच होता. कंत्राटदाराने मात्र त्याला बाहेरच्या खासगी रुग्णालयात नेले, चार-दोन हजार रुपये दिले आणि रेल्वेत बसवून दिले. तत्पूर्वी ‘माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर त्याचा अंगठा घेतला. मी कारखान्याला पत्र पाठविले. उत्तर आले : या नावाचा कामगार आमच्या पटावर नाही. ते खोटे नव्हते. तो कंत्राटदाराच्या पटावर होता.

कायद्याने या पळवाटेला १९२३ मध्येच अटकाव केला होता. त्या वर्षीच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या १२व्या कलमानुसार, मालकाने आपल्या व्यवसायाचे काम कंत्राटदाराकरवी करून घेतले तरी भरपाई मालकानेच द्यायची आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करायची. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १७व्या कलमाने रद्दबातल ठरविला. एका हाताची चारही बोटे गेल्यास कमाईची क्षमता ५० टक्के घटली, असे त्या कायद्याचे पहिले परिशिष्ट मानत असे. गिरण्यांतील भरती मुकादमांच्या हाती असलेल्या त्या काळात, वसाहतकालीन विधिमंडळालाही मालकाने मध्यस्थाआड दडावे हे मान्य नव्हते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच तत्त्व कायम ठेवले आहे.

मग अडते कोठे? अपघाताच्या पहिल्या नोंदीपाशी. त्या तरुणाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिली होती आणि तो दाखलही झाला. परंतु अपघात कारखान्याच्या आवारात झाला, हे सांगणारा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता. दावा रेंगाळला; यथावकाश माझी बदली झाली. आंतरराज्य स्थलांतरित कामगाराला गंभीर दुखापत झाल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातलगांना कळविण्याचे बंधन १९७९च्या कायद्याने कंत्राटदारावर घातले होते. माझ्या कारकिर्दीत असे एकही पत्र माझ्या टेबलावर आले नाही आणि ते का येत नाही, हे मीही कोणाला विचारले नाही.

२०२० मध्ये तमिळनाडूतील नेयवेली औष्णिक वीज केंद्रात मे आणि जुलै अशा दोन महिन्यांत बाष्पकांचे स्फोट झाले. बळींत कंत्राटी कामगारही होते. अशा दुर्घटनांची चौकशी होते, कारण त्या लपविता येत नाहीत. एकट्याची बोटे सहज लपविता येतात. फाटकावरील फलकावर अपघातमुक्त दिवसांचा आकडा वाढत असतो. तो शून्यावर आणणारा कंत्राटदार पुढचे काम गमावण्याच्या भीतीने गप्प बसतो. व्यवस्थापनालाही ते मौन सोयीचेच असते.

म्हणून नव्या संहितांखालील नियमांत तीन गोष्टी स्पष्टपणे याव्यात. प्रवेशपत्र देणाऱ्यानेच आत आलेल्या प्रत्येकावर प्रथमोपचार करावेत आणि त्याच दिवशी आपल्या नोंदवहीत अपघात नोंदवावा; मग तो माणूस कायम कामगार असो, कंत्राटी असो वा दोन दिवसांसाठी आलेला तंत्रज्ञ. नोंदीची प्रत जखमीला समजेल अशा भाषेत त्याच्या हाती द्यावी. आणि शिक्षा अपघात झाल्याबद्दल नव्हे, तो दडविल्याबद्दल अधिक कठोर असावी. अन्यथा प्रामाणिक व्यवस्थापकच भरडला जाईल.

यामुळे खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. परंतु तो खर्च आजही होतोच. फरक इतकाच, की तो कारखान्याच्या ताळेबंदात न दिसता ओडिशातील वा बिहारमधील एखाद्या कुटुंबाच्या कर्जात दिसतो.