शून्य गुण आणि नोंदच नसलेले गुण

२०१७च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर आणली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये भिवंडीतही असल्याने या विलंबाची झळ तेथवर पोहोचली. त्या गोंधळाचे मूळ नियोजनात होते, कोणत्या संगणकीय भाषेत नव्हे. तथापि, गुणांसारखी माहिती यंत्राच्या हाती सोपवताना एक प्रश्न उरतोच : नोंद झालीच नसेल, तर यंत्राने काय समजावे?

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये आणलेल्या जावा भाषेने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले आहे. मेथडच्या आत घोषित केलेले व्हेरिएबल किंमत न देता वापरले, तर कम्पायलर प्रोग्रॅम अडवतो. ऑब्जेक्टच्या फील्डला मात्र भाषा स्वतःच आरंभीची किंमत देऊन टाकते. पूर्णांकाला शून्य मिळते, तर ऑब्जेक्टच्या संदर्भाला 'नल'. पूर्णांकाच्या फील्डमध्ये गुण भरायचे राहिले, की न तपासलेली उत्तरपत्रिका आणि शून्य गुणांची उत्तरपत्रिका यांत फरक उरत नाही. 'नल' वापरू गेल्यास निदान एक्सेप्शन तरी उद्भवते. शून्य मुकाट्याने गुणपत्रिकेवर जाऊन बसते.

एक्सेप्शनच्या बाबतीतही हेच घडते. फाइल वाचता आली नाही, तर ती अडचण 'ट्राय-कॅच'मध्ये पकडावी अथवा वर कळवावी, असे बंधन जावा घालते. परंतु मुदत गळ्याशी आली की प्रोग्रॅमर व्हेरिएबलला आधीच शून्य देऊन कम्पायलरचे समाधान करतो आणि 'कॅच'चे कंस रिकामे ठेवतो. त्रुटी तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. दुसरे टोकही तितकेच घातक आहे. ४ जून १९९६ रोजी आरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाला. 'एडा' भाषेतील त्याच्या प्रोग्रॅममध्ये आकडा रूपांतरित करताना उद्भवलेले एक्सेप्शन हाताळण्याची तरतूदच नव्हती.

म्हणूनच सार्वजनिक संस्थांनी अशी प्रणाली घेताना किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात. 'अद्याप तपासले नाही' ही अवस्था स्वतंत्रपणे नोंदवली जाते काय? पकडलेल्या प्रत्येक त्रुटीची नोंद राहते काय? आणि ती वाचण्याची जबाबदारी कोणावर आहे? विद्यार्थ्याला शून्य गुण देण्याचा अधिकार परीक्षकाचा आहे. तो रिकाम्या रकान्याकडे जाता कामा नये.