एक बारीकशी मागणी

माझ्या मागण्या कधीच मोठ्या नसतात. बँकेत बावीस वर्षं कारकुनी केली, पण प्रमोशन मागितलं नाही. (मागितलं असतं तर मिळालं असतं, आणि मिळालं असतं तर बदलीवर जावं लागलं असतं, ही गोष्ट वेगळी!) जेवताना वरणात मीठ कमी असलं तरी मी मागत नाही. मागितलं की, “डबा तिथेच आहे, घ्या उठून,” हे ऐकावं लागतं.

असा हा निरिच्छ मनुष्य गेले सहा महिने नागपूरच्या बाजारात एकच वस्तू मागत फिरतो आहे. शाईचा पेन. साधा. बारीक लिहिणारा. अगदी बारीक, म्हणजे मुंगी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली तर जेवढी उमटेल, तेवढीच रेघ. किंमत दोनशे रुपयांच्या आत. ज्या शहरात पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही माणसं गरमागरम तर्री-पोहे खातात, त्या शहरात एवढी साधी वस्तू मिळू नये, ह्याला मी अन्याय म्हणतो. आणि अन्यायाविरुद्ध कारकुनाने काय करायचं? लिहायचं. पण लिहायचं कशाने, इथेच तर घोडं अडलं आहे.

भानगडीची सुरुवात एका नोव्हेंबरात झाली. नोव्हेंबर हा बँकेत पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत, हे त्यांना दरसाल ह्या महिन्यात लेखी कळवावं लागतं. २०१४ पासून हे काम यंत्रावर बोट टेकवूनही होतं. पण चाळीस वर्षं खडू धरलेल्या बोटांच्या रेघा पार झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. यंत्राने ओळख दाखवली नाही की मग कागदाचा फॉर्म.

महालातले एक निवृत्त मास्तर असेच फॉर्म भरायला आले. वय अठ्ठ्याहत्तर. फॉर्मवर नावासाठी चौकोन. एका चौकोनात एक अक्षर. हे चौकोन ज्या कुणी आखले, तो आधी तांदळाच्या दाण्यावर गणपती काढत असावा. मास्तरांचं आडनाव धोटे. हाताशी आमचा काउंटरला सुतळीने बांधलेला सार्वजनिक बॉलपेन. (चोरीला जाऊ नये म्हणून तो बांधतात. वास्तविक तो सोडला तरी कोणी नेणार नाही.) मास्तरांनी कापऱ्या हाताने पेन दाबला, शाईची गोळी सुटली, ‘ध’च्या डोक्यावरची मोकळी जागा भरून गेली आणि ‘ध’चा ‘घ’ झाला.

पेशवाईत ‘ध’चा ‘मा’ झाला आणि १७७३ साली नारायणरावांचा जीव गेला, असं सांगतात. आमच्या शाखेत ‘ध’चा ‘घ’ झाला आणि मास्तरांची पेन्शन गेली. फॉर्म वरच्या ऑफिसातून परत आला: ‘नाव जुळत नाही.’ तोवर डिसेंबरचा पगार अडकला होता. मास्तर काउंटरवर येऊन म्हणाले, “काय बा, मी मेलो काय?”

मी म्हटलं, “नाही मास्तर, तुम्ही आहात. पण कागदावर घोटे आहेत.”

“मंग ह्या घोट्यालेच द्या ना पेन्शन. त्याच्याकडून घेतो मी.”

सगळी लाइन हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी होती. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. संध्याकाळी ठरवून टाकलं, की काउंटरवर स्वखर्चाने एक बारीक लिहिणारा पेन ठेवायचा. आणि तोही शाईचा, कारण शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही. नुसता टेकवला की चालू लागतो. कापऱ्या हाताला त्याच्याइतका समजूतदार सोबती दुसरा नाही.

पहिला मुक्काम अर्थातच बर्डी. (‘सीताबर्डी’ असं पूर्ण म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.) दुकानदाराला म्हटलं, “शाईचा पेन दाखवा.”

“गिफ्ट द्यायचा आहे काय?”

“नाही, लिहायचं आहे.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चांदीच्या ताटात भाजी चिरायला मागत होतो. तरीही त्याने मखमलीची पेटी उघडली. आत पेन निजला होता. किंमत पंधराशे. “बारीक लिहितो का?” मी विचारलं. “साहेब, हा लिहासाठी थोडीच आहे? खिशाले लावासाठी आहे!”

इथे माझं डोकं फिरलं. आमच्या बँकेत निवृत्तीच्या समारंभात शाल, नारळ आणि पेन देतात. म्हणजे ज्याचं लिहिणं आजपासून बंद, त्याला शाईचा पेन. आणि ज्याला उद्या फॉर्म भरायचा आहे, त्याला सुतळीचा बॉलपेन! वापरायची वस्तू एकदा का भेटवस्तू झाली, की ती गरिबाच्या हातून गेलीच म्हणून समजा.

दुसरा मुक्काम इतवारी. तिथल्या घाऊक दुकानदाराने साठ रुपयांचा पेन पुढे टाकला. “घ्या, एकदम बारीक.” मी रेघ ओढली. त्या रेघेत नागपूर मेट्रोचे दोन्ही रूळ बसले असते. म्हटलं, “हा बारीक?”

“बारीकच आहे जी. जाड पाह्यला नाही तुम्ही अजून.”

घरी येऊन त्या निबेचा मी बी.कॉम.ला शोभेल असा जमाखर्च मांडला. चांगल्या निबेच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा एक कण जोडलेला असतो. तो मधोमध चिरतात, मग घासतात. तो जितका कमी उरेल तितकी रेघ बारीक. पण बारीक टोक जरा वाकडं घासलं गेलं की कागद खरवडतं, म्हणून तिथे कसबी हात आणि वेळ लागतो. अगदी स्वस्त निबेत तर वेगळा कणही नसतो. पोलादाचा पत्राच टोकाला दुमडून गोळा केलेला असतो. जाड टोक हे आळशाचं टोक. त्याला घासावं लागत नाही आणि ते कसंही धरलं तरी गुळगुळीत चालतं. त्यात शाई पातळ आणि फॉर्मचा कागद टीपकागदाचा चुलतभाऊ. शाई पडली की अक्षराला चहूकडून मुळं फुटतात. म्हणजे निब, शाई, कागद ह्या तिघांनी ठरवलं तरच रेघ बारीक राहते; आणि तिघांचं एकमत व्हायला ते काही आमच्या हाउसिंग सोसायटीचे सभासद नव्हेत, असं मी समजत होतो. पण ते तसेच निघाले.

तुम्ही म्हणाल, ‘एवढा त्रागा कशाला? जेलपेन घ्या, त्यात बारीक टोकं मिळतात.’ मिळतात. पण जेल ओलं राहतं, वर म्हाताऱ्याचा तळहात फिरला की फॉर्मवर ढग जमतात, आणि संपला की पेन कचऱ्यात. शाईची बारीक रेघ लगेच वाळते आणि एक दौत वर्षभर पुरते. चेकची गोष्ट वेगळी. तिथे पाण्याने धुतली जाणारी शाई नको, हे मी काउंटरच्या आतला माणूस आहे, मला सांगू नका. पण तारखेच्या त्या आठ चौकोनांत जाड रेघेने लिहिताना कितीजणांचे ३ चे ८ होतात, हेही मीच पाहतो. आणि आता चेकची नुसती प्रतिमा पुढे जाते; नावात, रकमेत खाडाखोड चालत नाही.

घरातून विरोध झाला तो जास्त वजनदार होता. आमच्या सौ.ने थेट समर्थांना साक्षीला काढलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनाचा आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम लिहावं, असा समर्थांचा सल्ला. “आणि तुम्हाला चाळिशी लागलीच आहे,” असं म्हणून तिने माझा चष्मा माझ्या हातात दिला.

आता समर्थांपुढे कारकून काय बोलणार? पण माझी नम्र हरकत अशी, की समर्थांपुढे कोरा कागद होता, चौकोन नव्हते! बोरूला हवा तसा कत द्यावा आणि हवं तेवढं मोठं लिहावं. त्यांना कोणी ‘नाव फक्त चौकोनात लिहा, रेघेबाहेर गेल्यास अर्ज बाद’ असं सांगितलं असतं, तर त्याच समासात बारीक निबेवर दोन ओव्या वाढल्या असत्या, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आणि आपली लिपी तरी केवढी नाजूक! एक अनुस्वार पुसला तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते. ‘भ’ची गाठ बुजली की ‘म’, आणि ‘भोयर’चे ‘मोयर’. त्यात जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळं एकाच खोलीत नांदवायचं. जपानी लोकांची अक्षरंही अशीच रेघांनी गजबजलेली. त्यांनी काय केलं? निब बारीक केली. त्यांची ‘फाइन’ निब युरोपातल्या ‘फाइन’पेक्षा साधारण एक पायरी बारीक निघते. आपण काय केलं? चौकोन बारीक केले.

पूर्वी असं नव्हतं. माझ्या लहानपणी वडिलांच्या खिशाला चिनी ‘हीरो’ असायचा, निबेवर अर्धा बुरखा घेतलेला. घरात ‘कॅमल’ची दौत. ही शाई करणाऱ्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून आणि वडीपासून धंदा सुरू केला होता. त्या पेनाने वडील एका पोस्टकार्डावर चारही काकांची खुशाली, संत्र्यांचा भाव आणि आजीचा दमा बसवून वर ‘जागा नाही, बाकी भेटीअंती’ असं लिहायला जागा उरवत. बारीक अक्षर ही हौस नव्हती. कागद महाग होता, माणसं जास्त होती आणि सांगायचं पुष्कळ होतं.

त्याही मागे जायचं तर आपल्या शेजारच्या वर्ध्याला जाऊ. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी शाईपेन बनवला. १९३५ साली तो कुमारप्पांमार्फत गांधीजींच्या हाती पोचला. गांधीजींनी आधी वापरून पाहिला, आणि मगच परदेशी पेनाला हा चांगला पर्याय असल्याचं पत्राने कळवलं. हा माणूस आलेली पाकिटं उलटून कोऱ्या बाजूवर लिहायचा. त्याने पेन मखमलीत निजवला नाही. स्वदेशी पेन लिहिण्यासाठी होता, निरोपसमारंभासाठी नव्हता.

शेवटी मुलीने मोबाइलवरून जपानी ‘प्लॅटिनम’चा ‘प्रेपी’ मागवून दिला. वर ‘०२’ असा आकडा. माझी दोनशेची मर्यादा मोडली, पण रेघ पाहिली आणि डोळे निवले. केसासारखी! फक्त त्याची शाईची नळी त्याच कंपनीची लागते. म्हणजे चप्पल घ्या आणि पायही आमच्याच दुकानातून न्या. तरीही मी तो हौसेने काउंटरला सुतळीने बांधला. तीन दिवस लोकांनी वाखाणला. चौथ्या दिवशी फक्त सुतळी होती.

तेव्हा मला कळलं, की बारीक पेन स्वस्तच का हवा. जो हरवला तर जीव हळहळतो, तो पेन काउंटरवर राहू शकत नाही. तो कपाटात जातो. आणि फॉर्म तर काउंटरवरच भरायचे असतात.

जानेवारीत मास्तर दुसऱ्यांदा फॉर्म भरायला आले. माझ्यापाशी तोच इतवारीचा साठ रुपयांचा पेन होता. मी ओशाळून पुढे केला. मास्तरांनी एक रेघ ओढून पाहिली, मान हलवली आणि पेन हातातल्या हातात फिरवून निब चक्क उलटी टेकवली. जीभ वर, पाठ खाली. पेन कुरकुरला, खरखरला आणि बारीक लिहू लागला! एकेका चौकोनात एकेक अक्षर. ‘ध’ म्हणजे ‘ध’च.

मी पाहतच राहिलो. मास्तर म्हणाले, “शाळेत निकालपत्रकं अशीच भरत होतो जी. साठ पोरं, सात विषय आन् रकाना हा एवढासा. सरकारनं रकाना दिला, निब थोडीच देल्ली?”

फॉर्म पास झाला. पेन्शन थकबाकीसह जमा झाली. दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या रात्री मात्र संताप आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आपलं स्वतःचं नाव लिहायला पेन उलटा धरावा लागतो, आणि ह्यात कोणालाच काही उलटं वाटत नाही? मोठ्या माणसांच्या सहीला फॉर्मवर अर्धं पान मोकळं असतं. तिथे कशीही जाड निब चालते. चौकोन आहेत ते धोट्यांना आणि भोयरांना. जागा ज्याची बारीक, त्याच्याच हाती रेघ जाड!

म्हणून माझी ही बारीकशी मागणी. पेनवाल्यांनो, टोक आणखी थोडं घासा. आम्ही वरचे वीस रुपये देऊ. फॉर्मवाल्यांनो, चौकोन आणखी थोडे वाढवा. कागदाचे वीस पैसे लागतील. दोन्ही जमत नसेल, तर निदान फॉर्मच्या तळाशी एक सूचना छापा: ‘पेन उलटा धरून लिहावे.’

आणि ती तरी, कृपा करून, जाड टाइपात छापा.