एलपी झाली, पण कशी?

तळोज्याच्या वसाहतींतून खारघर-कामोठ्याच्या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांची भीती ठरलेली असते: पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो. प्रौढांत मज्जारज्जू बहुधा पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशी संपतो, एलपीची (लंबर पंक्चरची) सुई त्याखाली जाते, एवढे समजावले तर ते बहुतेक राजी होतात. आपण डॉक्टरांचे मात्र आपापसांत या सुईबद्दल एकमत नाही.

क्विंकेने १८९१ साली ही पद्धत मांडली तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. आता सी-आर्मच्या पडद्यावर सुई दिसते, तरी तऱ्हा अनेक. रुग्णाला पालथे झोपवून कोणी मध्यरेषेतून जातो, कोणी किरण तिरके करून लॅमिनांमधल्या फटीतून. यात भांडण्यासारखे काही नाही. हाताला बसलेली वाट बरी.

सुईच्या टोकाचे तसे नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने ११० चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. धारदार सुईने ११ टक्के रुग्णांचे डोके दुखले, पेन्सिल-पॉइंटसारख्या सुईने ४.२ टक्के, पहिल्याच प्रयत्नातले यश सारखेच. तरीही ट्रेवर धारदार क्विंके सुईच येते, कारण ती स्वस्त. मग रुग्णाला तासन्‌तास उताणे पडायला सांगायचे, ज्याने डोकेदुखी टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही!

मेंदूजलाच्या दाबाचा घोळ याहून मोठा. प्रौढांसाठीची २५ सेंटिमीटरची मर्यादा कुशीवरच्या रुग्णाची आहे. पालथ्या रुग्णात मॅनोमीटरचे शून्य सुईच्या हबशी धरले, तर सुईच्या उभ्या उंचीइतका दाब मोजायचा राहतो. कोणी ती उंची मिळवतो, कोणी नाही, आणि अहवालात नुसता आकडा जातो. डोळ्यांच्या नसांना सूज आलेल्या रुग्णाचे निदान त्यावरच लोंबकळत असते.

टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक तळोज्याच्या शेजारी, खारघरलाच आहे. तिथे ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार करणाऱ्यांना पहिल्या एलपीचे मोल सांगायला नको: ती रक्ताळली आणि रक्तात ब्लास्ट असले, तर ते मेंदूजलात उतरू शकतात. अशा पहिल्या एलपीत नवशिक्याला हात साफ करू देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

आपल्या नोंदींत बहुधा एकच ओळ असते: 'सी-आर्मखाली एलपी केली.' यापुढे त्या ओळीखाली मणक्याची पातळी, रुग्णाची स्थिती, सुईचा गेज व टोक, प्रयत्न किती, दाब कसा मोजला आणि किरण किती वेळ चालू होते, एवढे लिहा.